कुंपण वाऱ्यात खडखडतंय: पाचर, रबर, फोम की लोखंडी पट्टी?

रात्री वारा सुटला की सुरू होतं. ठक. ठक-ठक. मग जरा शांतता, आणि डोळा लागतोय न लागतोय तोच पुन्हा ठक. पंख्याच्या घरघरीची सवय होते, या लहरी आवाजाची होत नाही.

उपाय निवडण्याआधी आवाज नेमका कुठून येतोय ते शोधा. काँक्रीटच्या खांबांना उभी खाच असते आणि लाकडी पॅनेल वरून त्या खाचेत सरकवलेलं असतं. पॅनेल खाचेपेक्षा थोडं बारीक ठेवावंच लागतं, नाहीतर ते आत उतरणार कसं? तीच फट वाजते. झोत आला की पॅनेल खाचेच्या एका काठावर दाबलं जातं, झोत ओसरला की मागे येऊन दुसऱ्या काठावर आपटतं. खात्री करायची असेल तर जाड पुठ्ठ्याच्या घड्या दोन्ही खांबांच्या फटीत घट्ट खोचा आणि एक रात्र जाऊ द्या. ठकठक थांबली तर दोष फटीचा. नाही थांबली तर पॅनेलमधलीच एखादी फळी खिळ्यातून सुटलेली असते. तिला स्क्रू मारा, काम संपलं. आणि हाताने ढकलल्यावर खांबच डुलत असेल तर यातलं काहीही करू नका, आधी खांबाचा पाया पक्का करा.

एक हिशोब मात्र डोक्यात असू द्या. १.८ मीटर लांब आणि तेवढ्याच उंच बंद पॅनेलवर ताशी ३६ किलोमीटरचा वारा ढोबळमानाने वीस किलो वजनाएवढा जोर लावतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे ताशी ७२ला ऐंशी किलो. कागदाचे बोळे आणि चिकटपट्टी पहिल्या वादळातच का उडून जातात, ते यावरून कळेल.

लाकडी पाचर हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात झटपट उपाय. उरलेल्या फळीच्या तुकड्यातून निमुळती पाचर तासायची आणि फटीत वरून हलक्या हाताने ठोकायची. हातोडीचा आवाज पोकळ येतोय तोवर ठोका, भरीव यायला लागला की थांबा. बहुतेक जण फक्त वर एकेक पाचर मारतात आणि मग पॅनेल खालून वाजत राहतं. खालच्या तिसऱ्या हिश्श्यातही एकेक हवीच, ती समोरून फटीत सारायची. बाजू कोणती? जिकडून वारा जास्त येतो तिकडची. म्हणजे पॅनेल आधीच पलीकडच्या काठाला टेकलेलं राहतं आणि झोताला आपटायला जागाच उरत नाही.

पाचरीची खोड एकच: तीही लाकूडच. लाकूड ओलाव्याने जाडी-रुंदीत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. त्यामुळे पावसात घट्ट बसलेली पाचर उन्हाळ्यात सैल होऊन गवतात सापडते. उलट कोरड्या दिवसांत जीव खाऊन ठोकलेली पाचर पावसात फुगून खाचेच्या काठाचा टवका उडवू शकते. खाणीत दगड फोडायला पूर्वी हीच युक्ती वापरायचे: भोकात सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि वर पाणी ओतायचं. तेव्हा घट्ट म्हणजे हाताने ओढून निघणार नाही इतकंच.

रबरी पाचर किंवा रबरी पट्टी ही अडचण टाळते. फट कमी-जास्त झाली तरी रबर दबतं आणि परत फुगतं, शिवाय धक्का स्वतः गिळतं. रबर ईपीडीएम जातीचं घ्या, खिडक्यांच्या बिडिंगला वापरतात ते. ऊन-पावसात ते बराच काळ टिकतं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या घड्याही चालतात, पण उन्हात त्यांना लवकर तडे जातात. पट्टी चिकटवायची तर पॅनेल वर उचलून काढावं लागतं आणि त्याला दोन माणसं लागतात. रबरी पाचर जागच्या जागी सारता येते.

फोमच्या पट्टीत गोंधळ नावाचा आहे. साधा स्पंज पाणी पितो आणि लाकडाची कड ओली ठेवून कुजवतो. बंद छिद्रांचा, पाणी न शोषणारा फोम घेतला तर लहान फटीला तो ठीक. फट मोठी असेल तर त्याच्यात दम नाही.

डब्यातून फवारायचा, फुगणारा फोम मात्र नकोच. दिसायला सोपा, एका मिनिटात फट गायब. पण उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडून भुगा होतो, आणि उद्या पॅनेल बदलायचं झालं तर करवतीने कापून काढावं लागतं. फटीत सिमेंटचा माल भरणं हा त्याच चुकीचा मोठा भाऊ.

लोखंडी पट्टी किंवा क्लिप स्क्रूने बसवणं सगळ्यात मजबूत, पण ते लाकडी किंवा धातूच्या खांबांना शोभतं. काँक्रीटच्या खाचेजवळ ड्रिल चालवलं तर काठ तुटायची भीती, आत सळईही असते. लाकडात आधी बारीक भोक पाडा, नाहीतर चौकट उभी चिरते. पट्टी गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली घ्या.

पत्र्याचं कुंपण असेल तर वरचं बरंचसं विसरा. तिथे बोल्टची भोकं झिजून मोठी झालेली असतात; रुंद वॉशर, त्याखाली रबरी वॉशर, आणि दोन आधारांमधलं अंतर जास्त असेल तर मध्ये एक आडवी पट्टी.

मला विचाराल तर काँक्रीटच्या खांबांना दर पॅनेलला चार रबरी पाचरी, दोन वर, दोन खाली. वादळ आजच रात्री येणार असेल तर लाकडी मारा आणि सवडीने बदला. वाऱ्याची बाजू शेजाऱ्यांकडची निघाली तर आधी त्यांना सांगा. ठकठक त्यांनीही ऐकलेली असते, बहुधा हातोडी तेच आणून देतील.