बॅश की पायथन: ऑगस्टच्या पट्ट्या कुठं गेल्या?

आमच्या गल्लीतली डिप्लोमाची पोरं सुट्टी लागली की एकच प्रश्न घेऊन येतात. दादा, स्क्रिप्ट लिहायला आधी बॅश शिकू की पायथन? बॅश ही लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणारी भाषा; पायथन ही सगळ्या कामांना चालणारी प्रोग्रामिंगची भाषा. सांगली मार्केट यार्डात मामांची हळदीची अडत आहे आणि तिथला लिनक्सचा कॉम्प्युटर बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. त्यामुळं दोन्ही रोज हाताखालून जातात. इफ आणि लूप म्हणजे काय हे वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरून चालतो. कुठली भाषा किती वेगात चालते वगैरे तक्ते इथं नाहीत. दिवसाच्या पाच-पन्नास पट्ट्यांना, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदांना, वेग काय करायचाय?

बॅशची गोडी पहिल्या दिवशीच लागते. टर्मिनलवर जे हातानं टाइप करता तेच एका फाइलमध्ये ओळीनं लिहिलं की झाली स्क्रिप्ट. स्कॅन केलेल्या पट्ट्या फोल्डरात हलवायच्या आणि एक प्रत पेनड्राइव्हवर टाकायची, तर चार ओळी पुरतात. पायथनमध्ये एवढ्यासाठी आधी पाथलिब आणा, शटिल आणा (फायली हाताळायची तयार अवजारं), मग कामाला लागा. पाहुणा दारात आला तरी चहाची भांडी अजून घासतोय, असं वाटतं.

वयानं दोघं जवळजवळ बरोबरीचे. बॅश १९८९ ची, पायथन १९९१ चं. पण बॅशचं व्याकरण तिच्या वाडवडलांचं, १९७९ च्या बॉर्न शेलचं, म्हणजे लिनक्सच्या आधीच्या युनिक्सवर कमांड घेणाऱ्या प्रोग्रामचं. म्हणून तिथं इफ संपवायला उलटं ‘फाय’ आणि केस संपवायला उलटं ‘इसॅक’. ‘डू’ मात्र उलटं करता आलं नाही, कारण ‘ओडी’ नावाची कमांड युनिक्सवर आधीच होती, आकडे ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच अंकांच्या मोजणीत दाखवणारी. म्हणून तिथं ‘डन’. फायलीच्या नावात मोकळी जागा असली की नावाचे दोन तुकडे पडतात, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली की ‘कमांड सापडली नाही’ म्हणून ओरडते. हे त्रास आठवड्याभरात अंगवळणी पडतात. त्यांच्यापायी मी बॅश सोडली नसती.

मला फिरवलं ते ऑगस्टनं.

स्क्रिप्ट साधी होती. रोज रात्री क्रॉननं, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या प्रोग्रामनं, उठायचं, तारखेतून महिना काढायचा आणि पट्ट्या आर्थिक वर्षाच्या फोल्डरात टाकायच्या. महिना ३ पेक्षा मोठा असला तर चालू वर्ष, नाहीतर मागचं. दुहेरी कंसात एक तुलना, एक इफ, एक एल्स. जानेवारीत सुरू केली आणि जुलैपर्यंत एकही तक्रार नाही. दिवाळीच्या आधी एक शेतकरी ऑगस्टातल्या पट्टीचं विचारायला आला, तेव्हा मामांनी हाक मारली, ‘अरे, ऑगस्टच्या पट्ट्या कुठं गेल्या? आणि सप्टेंबरच्या पण दिसंनात.’

‘मामा, असतील तिथंच, बघतो.’

ऑक्टोबरात मी त्यांच्यासमोर स्क्रिप्ट चालवून दाखवली, तर पठ्ठी बरोबर चालली. मामा नुसतं माझ्याकडं बघत राहिले. पट्ट्या मागच्या वर्षाच्या फोल्डरात निघाल्या. नावात वर्ष घातलं होतं म्हणून निदान जुन्यांवर नव्या बसल्या नाहीत.

झालं होतं असं. तारखेतून महिना येतो तो ‘०८’ असा. पुढं शून्य असलेला आकडा बॅश ऑक्टल समजते, आणि ऑक्टलमध्ये आठ आणि नऊ हे अंकच नाहीत. ०१ ते ०७ बिनबोभाट चालतात, ०८ आणि ०९ ला तुलना मोडते, १० आला की गाडी परत रुळावर. वर्षातले दोनच महिने बिघडणारी स्क्रिप्ट! एकेरी चौकटी कंसात तीच तुलना केली असती तर ०८ ला निमूट आठ धरलं असतं. मी वाचायला बरा म्हणून दुहेरी गोल कंस वापरला होता.

ऑक्टलचा उपाय सोपा आहे, आकड्याच्या आधी ‘दहा आणि हॅश’ लिहायचं. तो मी पाच मिनिटांत केला. डोक्यात राहिलं ते वेगळंच. तुलना मोडली होती ना, मग स्क्रिप्ट थांबली का नाही? ती एल्समध्ये कशी गेली?

तर बॅशचं इफ खरं-खोटं विचारतच नाही. ते एक कमांड चालवतं आणि ती शून्य परत देते का तेवढं बघतं. शून्य म्हणजे जमलं, बाकी काहीही आलं तरी इफच्या लेखी ‘नाही’. ग्रेपला, म्हणजे फाइलमध्ये शब्द शोधणाऱ्या कमांडला, शब्द सापडला नाही तर ते १ देतं, फाइलच उघडली नाही तर २ देतं, इफला दोन्ही एकच. पोराला दुकानात साखर आहे का बघायला पाठवावं आणि दुकान बंद दिसल्यावर त्यानं येऊन ‘साखर नाही’ म्हणावं, तसलं हे. चूक झाल्याचा संदेश बॅशनं छापला होता म्हणा. पण क्रॉनचा सगळा आउटपुट मीच डेव्ह-नलमध्ये, म्हणजे पडेल ते गिळणाऱ्या कचराकुंडीत, ढकलला होता, तेव्हा निम्मा दोष माझा.

तेव्हापासून पोरांना मी एक खेळ देतो. पावसाळ्यात सांगलीत ज्याच्या-त्याच्या तोंडी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी असते, ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका. त्याची स्क्रिप्ट लिहा म्हणतो: ४५ किंवा जास्त असेल तर ‘धोका’, ४० किंवा जास्त तर ‘इशारा’, नाहीतर ‘ठीक’. पहिली चूक बहुतेक जण दोन्ही भाषांत सारखीच करतात, ४० ची अट आधी लिहितात. मग ४६ ला पण नुसता इशारा येतो, कारण पहिली अट जुळली की खालच्या कुणी बघत नाही. अटींचा क्रम कळायला एवढं पुरतं.

मग मी म्हणतो, आता पातळी ४५.५ द्या. बॅशला एकेरी चौकटी कंसात पूर्णांकच लागतो. पहिली अट मोडते, दुसरीही मोडते, वर दोन ओळींची कुरकुर छापली जाते आणि खाली रुबाबात येतं ‘ठीक’. पातळी रिकामी दिली तरी ‘ठीक’. पायथनमध्ये तीच पातळी इंटनं, म्हणजे पूर्णांक म्हणून, वाचली तर व्हॅल्यूएरर येतो, ओळीचा नंबर येतो, आणि तिथंच सगळं थांबतं. ‘ठीक’ काही छापलं जात नाही. इंटच्या जागी फ्लोट, म्हणजे दशांशाचा आकडा, लिहिलं की साडेपंचेचाळीस पण नीट कळतं. पायथनला ‘नाही’चा रस्ता वेगळा आणि ‘बिघडलं’चा वेगळा. माझ्या ऑगस्टच्या महिन्याचं तेच. ‘०८’ ही अक्षरं तशीच ३ शी ताडून बघितली असती तर पायथननं टाइपएरर देऊन पहिल्याच रात्री, नव्हे जानेवारीतच, काम बंद पाडलं असतं.

पायथन धुतल्या तांदळासारखं आहे असं मात्र कुणी समजू नये. तिथं इंडेंट, म्हणजे ओळीच्या आधीची मोकळी जागा, हेच व्याकरण, आणि आमची पोरं कोड पाठवतात व्हॉट्सअ‍ॅपवरून. ओळींच्या आधीच्या जागा वाटेत कुठंतरी गळतात. सगळ्या गळल्या तर पायथन अडतं, ते बरं. पण लूपमधली शेवटची ओळ एकटीच डावीकडं सरकली तर ते हूं की चूं करत नाही. ती ओळ लूप संपल्यावर एकदाच चालते आणि वीस पट्ट्यांपैकी शेवटचीच छापली जाते. बॅशमध्ये ‘डन’ कुठं आहे ते निदान डोळ्यांना दिसतं. तसंच दुसरे प्रोग्राम चालवायचे, एकाचा आउटपुट दुसऱ्याला जोडायचा, हे बॅशमध्ये एका उभ्या रेघेचं काम. पायथनचं त्यासाठीचं सबप्रोसेस मला आजही दरवेळी उघडून बघावं लागतं.

ज्याला सर्व्हर सांभाळायचेत त्यानं बॅश आधी शिकावी, माझा काही वाद नाही. तिथं ती बहुतेक वेळा असतेच, काही टाकायला लागत नाही. घरी विंडोजचा लॅपटॉप असेल तर पायथन बसवणं सोपं जातं. आणि पट्टीतलं वजन क्विंटल-किलोत, हमाली-तोलाई वजा करून पैशांपर्यंत हिशेब, असलं काही असेल तर बॅशला अपूर्णांक येतच नाहीत, बीसी नावाच्या कॅल्क्युलेटरला मध्ये घ्यावं लागतं. मग कशाला?

अडतीत सध्या अशी वाटणी आहे. रात्री साडेनऊला क्रॉन अजूनही बॅशचीच फाइल उठवतो. तिच्यात एकही इफ नाही. ती पेनड्राइव्हवर प्रत टाकते आणि पायथनला हाक मारते; कुठला महिना कुठल्या वर्षात जातो ते पायथन ठरवतं. आउटपुट आता डेव्ह-नलमध्ये जात नाही, लॉगमध्ये जातो. आणि एक ऑगस्ट उजाडला की मामा चहा घेता घेता विचारतात, ‘बघितलंस का रे आज?’