हाताबाहेर चाललेल्या मुलासाठी मदत: निवासी अकॅडमी, मानसोपचारतज्ज्ञ की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट?

मुलगा हाताबाहेर चालला आहे हे एकदा घरात मान्य झाले की सांगली जिल्ह्यातील पालकापुढे साधारणपणे तीन वाटा असतात. शिस्तीसाठी नाव असलेल्या एखाद्या निवासी अकॅडमीत त्याला ठेवणे ही पहिली, सांगली-मिरजेतील मानसोपचारतज्ज्ञांना दाखवणे ही दुसरी, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे औषध न देता बोलण्यातून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे, आठवड्याला एक सेशन घेणे ही तिसरी. आमच्या दहावीतील मुलासाठी तिन्हींची चौकशी केली, दोन करून पाहिल्या आणि त्यांतील एकीवर टिकलो. शाळा बुडवणे, घरातील पैसे उचलणे, रात्री दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन फिरणे आणि जाब विचारला की दारावर लाथा, असे आमच्याकडील स्वरूप होते. ज्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे त्यांनी पुढील मजकूर तेवढ्या बेताने घ्यावा.

अकॅडमीचा सल्ला बहुधा नातेवाइकांकडून येतो. ‘सैनिकी शाळेत घाला, सुतासारखा सरळ होईल,’ असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सातारची सैनिक स्कूल असते. पण १९६१ साली सुरू झालेल्या त्या शाळेत सहावी आणि नववीलाच, तेही देशपातळीवरील प्रवेश परीक्षेतून मुले घेतली जातात, त्यामुळे बिघडलेल्या मुलाला सुधारण्यासाठी तिचा विचार करण्यात अर्थ नाही. उरतात त्या खासगी अकॅडम्या. त्यांचा एक फायदा प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे, तो असा की मुलाची संगत तुटते आणि घराला श्वास घ्यायला उसंत मिळते. ज्या आईने कित्येक रात्री दाराकडे कान लावून काढल्या आहेत तिच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

तरीही माझे मन तिकडे वळले नाही. अमेरिकेतील थॉमस डिशन, जोन मॅककॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असे दाखवले होते की बंडखोर मुलांना गटाने एकत्र ठेवून सुधारण्याचे कार्यक्रम काही वेळा उलटतात, कारण नियम मोडल्याच्या गोष्टींना बरोबरीच्या मुलांकडून दाद मिळते आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडून काहीतरी नवे शिकतो. आपल्याकडे वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही हे सांगायला अमेरिका लागू नये. दुसरी खटकलेली बाब नियमांची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अल्पवयीन मुलाला उपचारासाठी दाखल केले तर त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ सोबत राहावे लागते. आम्ही पाहिलेल्या अकॅडमीत मात्र सुरुवातीचे काही आठवडे पालकांनी भेटू नये आणि फोनही करू नये, अशी अट होती. आजारी मुलाजवळ आईबापाने थांबलेच पाहिजे असे कायदा म्हणतो, आणि इथे आईबाप जवळ नसणे हाच उपचार मानला जातो, हे गणित मला काही सुटले नाही.

मानसोपचारतज्ज्ञांची बाजू याहून कितीतरी भक्कम आहे. ते वैद्यकीय पदवीधर असल्याने औषध देऊ शकतात, आणि किशोरवयात ही गोष्ट अनेकदा निर्णायक ठरते. या वयात नैराश्य रडण्यातून दिसेलच असे नाही. ते चिडचिडीतून आणि हाणामारीतून बाहेर पडते आणि घरच्यांना तो माजोरेपणा वाटतो. अवधान कमी आणि चंचलता फार असलेल्या मुलालाही योग्य औषधाने फरक पडतो. मिरजेला वैद्यकीय सेवेची मोठी परंपरा असल्यामुळे तज्ज्ञांसाठी पुण्याला धावण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही.

मग अडले कुठे? खरे सांगायचे तर दारावर. ज्या ओपीडीत आम्ही जात होतो तिथे डॉक्टर भले होते, पण गर्दी अशी की आमचा नंबर पुकारला जाताच पुढच्या नंबरचे लोक फाईल घेऊन अर्धवट उघड्या दारात येऊन उभे राहत. डॉक्टर ‘काय त्रास आहे?’ असे विचारत, तेही मला. आणि मी कपाटातून किती पैसे गेले, शाळेतून कोणाचा फोन आला, हे सगळे मुलासमोर आणि दारातील अनोळखी माणसांसमोर सांगत असे. त्या वेळी तो खाली मान घालून टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका नखाने उचकटत बसलेला असे. त्याला एखादा प्रश्न विचारला गेलाच तर उत्तर द्यायला तो तोंड उघडेपर्यंत प्रिस्क्रिप्शन लिहायला सुरुवात झालेली असे. परतीच्या वाटेवर सांगलीपासून तासगावपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलत नसे, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे मला जमले नाही. सगळ्याच ओपीडी अशा असतात असा माझा दावा नाही; वेळ ठरवून, दार लावून बोलणारे मानसोपचारतज्ज्ञही आहेत आणि तसे मिळाले तर माझी तक्रारच उरत नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पहिल्याच दिवशी उलटे घडले. आमचे दोन शब्द ऐकून घेतल्यावर त्यांनी आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितले आणि दार लावून घेतले. मुलाने सांगितलेले त्याच्या परवानगीशिवाय आम्हाला कळणार नाही, मात्र कोणाच्या जिवाला धोका दिसला तर ते सांगावेच लागेल, हा नियम त्यांनी आधी त्याच्यासमोरच आम्हाला ऐकवला होता. आत काय बोलणे झाले ते मला आजही ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात जायच्या दिवशी तो स्वतः चप्पल घालून पायरीवर बसला होता, आणि माझ्या दृष्टीने तराजू त्या दिवशीच झुकला.

त्यांच्या कामाचा निम्मा भाग आमच्यावर होता, हे आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. अमेरिकेतील ओरेगनमध्ये काम करणारे जेराल्ड पॅटरसन यांनी घरातील ज्या दुष्टचक्राचे वर्णन केले ते मॅडमनी आमच्याच उदाहरणावरून समजावले. मुलाने मोबाईल मागितला, आम्ही नाही म्हटले, आवाज चढला, दारावर लाथ बसली, आणि शेजारी ऐकतील म्हणून आईने मोबाईल देऊन टाकला. घर शांत झाले. लाथेने काम होते हे तो शिकला आणि मोबाईल दिला की शांतता मिळते हे आम्ही शिकलो. यावर उपाय म्हणून नियम मोजके ठेवायचे, ते मोडल्यास परिणाम लहान पण त्याच संध्याकाळी द्यायचा, आईबापांनी एकच बोलायचे आणि जे चांगले केले त्याची दखल मोठ्याने घ्यायची. ऐकायला सोपे वाटते. रात्री साडेदहाला करायला फार अवघड आहे. फरक किती पडला हे मोजून सांगता येणार नाही, पण मधल्या खोलीच्या दाराची कडी त्यानंतर नव्याने बसवावी लागलेली नाही.

या वाटेचे तोटेही आहेत. दर आठवड्याची फी मिळून खर्च बराच होतो, औषध लागले तर मानसोपचारतज्ज्ञ लागतातच, आणि ‘समुपदेशक’ अशी पाटी लावलेल्या प्रत्येकाचे शिक्षण सारखे नसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये, चांगली माणसे तो आनंदाने दाखवतात. शिवाय हा क्रमही सर्वांना लागू नाही. मुलगा मरणाच्या गोष्टी करत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, गांजा किंवा नशेच्या गोळ्यांचा संशय असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा झोप अचानक उडाली असेल, तर माझी दाराची तक्रार बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे.

खर्च झेपत नसेल तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी चालणारी मैत्री क्लिनिक आहेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना तिथे विनामूल्य समुपदेशन मिळते. गावातच असल्याने ओळखीचे कोणी दिसेल ही मुलाची भीती तेवढी लक्षात घ्यावी. २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि रात्री भांडण पेटल्यावर कोणाला विचारावे हे सुचत नसेल तेव्हा पालकांनीही तो फिरवायला हरकत नाही.

द्राक्षबागायतदारांसाठी एक वेगळी सूचना. सेशनला आईबरोबर वडील आले नाहीत तर घरी दोघांचे बोलणे पुन्हा दोन तोंडांनी होऊ लागते, आणि ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की आपण कुठेच जात नाही. त्यामुळे शक्य असेल तर उन्हाळ्यातील खरड छाटणी उरकल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाला सुरुवात करावी. अपॉइंटमेंट घेताना, मग ती कोणाचीही असो, फोनवर एवढेच विचारावे की डॉक्टर किंवा मॅडम मुलाशी एकट्याने किती वेळ बोलतात.