वायरलेस दाबमापक: तयार घ्यावा, जोडून बनवावा की फोनवर भागवावं?

वर्गात दाबाचे प्रयोग करायचेत आणि वायरींचं जंजाळ नकोय, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. घोडं अडतं ते खरेदीपाशी. समोर तीन वाटा दिसतात: फोनमधला बॅरोमीटर फुकटात वापरायचा, ईएसपी३२ या वायफाय-ब्लूटूथवाल्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर स्वतः सेन्सर जोडायचा, किंवा प्रयोगशाळेसाठी बनलेला तयार ब्लूटूथ सेन्सर मागवायचा. ब्लूटूथचा पल्ला, अ‍ॅप किती देखणं, हे सगळं नंतर बघा. आधी कागदावर एकच आकडा काढा: आपल्या प्रयोगांत दाब जास्तीत जास्त कुठवर जाणार?

आधी आकडेमोड

सुरुवात आपल्या गावच्या हवेपासून. मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९४–९५, महाबळेश्वरला ८६–८७. पुण्यात सेन्सर १०१.३ दाखवत नाही म्हणून तो बिघडलाय असं ठरवून परत पाठवू नका.

बॉईलच्या नियमासाठी (तापमान तेच असेल तर दाब × आकारमान कायम) २० मिलीची सिरिंज ५ मिलीपर्यंत दाबली, तर पुण्यात दाब ३४० किलोपास्कलच्या आसपास जातो; नुसत्या गुणाकाराने ३८० येतात, पण नळीतल्या हवेने ते कमी होतात, त्याबद्दल पुढे. बंद शंकुपात्र २७ वरून ७७ अंश सेल्सिअसला नेलं, तर दाब एक षष्ठांशानेच वाढतो, म्हणजे ९५ चे १११. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मात्र दगाबाज. १ ग्रॅम सोड्यातून सुमारे ०.०१२ मोल कार्बन डायऑक्साइड सुटतो. पात्रात १०० मिली मोकळी जागा असेल, तर दाबात जवळजवळ ३०० किलोपास्कलची भर पडू शकते. त्याआधीच बूच उडतं, आणि बूच घट्ट धरून ठेवलं तर काच फुटायची भीती. ०.१ ग्रॅम पुरे, त्यात ३० ची वाढ मिळते. बटाट्यातल्या कॅटलेज या विकराच्या (एन्झाइमच्या) प्रयोगाला तेवढ्याच मोकळ्या जागेत ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ५ मिली घेतलं, तर शेवटपर्यंत ५० ते ५५ ची वाढ. मेडिकलमधल्या बाटलीवर ६ टक्के लिहिलेलं असेल तर तेवढंच पाणी घाला.

फोन

फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाचं मोफत अ‍ॅप. त्यात दाबाचा प्रयोग उघडत नसेल, तर फोनमध्ये बॅरोमीटरच नाही. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये तो बहुधा नसतो. आकडे हेक्टोपास्कलमध्ये येतात, १० हेक्टोपास्कल म्हणजे १ किलोपास्कल.

जिना किंवा लिफ्टच्या प्रयोगाला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. एक मजला चढलात की दाब सुमारे ०.३५ हेक्टोपास्कल उतरतो आणि आलेखात पायऱ्यांसारख्या पायऱ्या दिसतात. फक्त पंखा, एसी आणि धाडकन लागणारं दार यांची नोंदही त्यात होते. हवा भरलेल्या झिपच्या पिशवीत फोन ठेवून वर पुस्तकं रचली की दाब वाढताना दिसतो. याच्या पलीकडे फोनला ताणू नका. सिरिंज त्याला जोडता येत नाही, आणि त्याचा मोजण्याचा पट्टा साधारण ११० किलोपास्कलला संपतो.

स्वतः जोडलेला

बहुतेकांचा पाय घसरतो तो इथे. शे-दीडशे रुपयांत बीएमपी२८० हा दाबाचा सेन्सर मिळतो म्हणून तो आणतात, आणि बॉईलचा प्रयोग सुरू होता होताच संपतो. त्याचा पट्टा ३० ते ११० किलोपास्कल. पुण्यात १० मिलीची सिरिंज साडेआठपर्यंत आली की हा थकला, मुंबईत तर नऊलाच. त्याच्याकडून काम करून घ्यायचं तर उलट्या दिशेने: ६० मिलीच्या सिरिंजमध्ये सेन्सर ठेवा, बारीक तारा तोंडातून बाहेर काढून एपॉक्सीने बंद करा, आणि २० वरून दट्ट्या ६० पर्यंत ओढा. दाब ९५ वरून ३२ पर्यंत उतरतो, सगळा पट्ट्याच्या आत.

दाबायचंच असेल तर एमपीएक्स५७००एपी हा सेन्सर घ्या. पट्टा १५ ते ७०० किलोपास्कल, वर नळी बसवायला टोक. चुका होतात त्या विजेच्या बाजूने. हा ५ व्होल्टवर चालतो आणि ४.७ व्होल्टपर्यंत देतो, ईएसपी३२ च्या पिनला मात्र ३.३ च्या वर चालत नाही. म्हणून मध्ये १० आणि २० किलोओहमचे रेझिस्टर लावून दोन तृतीयांश व्होल्टेजच पिनला द्या. पिन ३२ ते ३९ मधलीच घ्या. बाकीच्या अ‍ॅनालॉग पिना वायफाय सुरू असताना वाचता येत नाहीत, आणि लोक मग सेन्सर जळाला म्हणून बसतात.

दुसरी चूक याहून छुपी. सेन्सरचा आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात असतो: पुरवठा × (०.००१२८५८ × दाब + ०.०४). बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर यूएसबीवरून प्रत्यक्षात ४.७ च येत असतील आणि कोडमध्ये ५ लिहिलं असेल, तर ९५ किलोपास्कलच्या जागी ८७ दिसतात. पुण्यातली शाळा बसल्या जागी महाबळेश्वरला पोचते! मल्टिमीटरने पुरवठा मोजा आणि तोच आकडा कोडमध्ये घाला. ईएसपी३२ चं अ‍ॅनालॉग वाचन टोकांपाशी सरळ रेषेत येत नाही. अचूकता हवी असेल तर एडीएस१११५ हा व्होल्टेजचे आकडे करून देणारा वेगळा कन्व्हर्टर ३.३ व्होल्टवर लावा, रेझिस्टर तसेच ठेवून. नाहीतर निदान ५० वाचनांची सरासरी घ्या. आकडे फोनवर आणायला फायफॉक्सची ईएसपी३२ साठीची लायब्ररी आहे, वेगळं अ‍ॅप लिहावं लागत नाही. पॉवरबँकवर चालवताना बोर्ड मध्येच बंद पडला, तर बहुधा विजेचा खप कमी म्हणून पॉवरबँकच झोपलेली असते.

तयार सेन्सर

व्हर्नियर कंपनीचा गो डायरेक्ट आणि पास्को कंपनीचा वायरलेस प्रेशर, दोघांचाही पट्टा ० ते ४०० किलोपास्कल. शाळा-कॉलेजचे नेहमीचे प्रयोग त्यात बसतात, फक्त २० मिलीची सिरिंज ४ मिलीपर्यंत दाबू नका, तिथे ४०० ओलांडतात. किंमत इथे हातात पडेपर्यंत पाच आकडी धरा.

जोडणीत एकच खोच: फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन पेअर करायचं नाही. अ‍ॅप उघडा (व्हर्नियरसाठी ग्राफिकल अ‍ॅनॅलिसिस, पास्कोसाठी स्पार्कव्ह्यू) आणि आतूनच सेन्सर शोधा. अँड्रॉइडवर यादी रिकामी दिसली तर लोकेशनची किंवा ‘जवळची उपकरणं’ ही परवानगी दिलेली नसते. वर्गात आठ सेन्सर असतील तर सेन्सरवर छापलेला क्रमांक वाचूनच निवडा, नाहीतर मागच्या बाकावरचा दट्ट्या दाबला की पुढच्या टॅबवर आलेख उडी मारतो. सेन्सर एका वेळी एकाच उपकरणाला जोडला जातो. तो ‘सापडत नाही’ म्हणजे अनेकदा दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलाय. मे महिन्याच्या सुटीनंतर आदल्या दिवशी चार्जिंगला लावा.

नळीतली हवा

साधन कुठलंही असो, उत्तर बिघडतं ते बहुधा नळीत. सिरिंजवर १० मिली दिसत असले तरी सेन्सर आणि जोडाच्या आत थोडी हवा असतेच. व्हर्नियर ती ०.८ मिली धरायला सांगतो. म्हणजे १० वरून ५ वर येताना खरं आकारमान १०.८ वरून ५.८ होतं, आणि ९५ चे १९० न होता १७७ होतात. मुलं गुणाकार करतात: आधी ९५०, नंतर ८८५. बॉईल खोटा ठरत नाही, बेरीज राहिलेली असते.

स्वतः जोडलेल्यात हे भलतंच वाढतं. मत्स्यपेटीची ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी गरम पाण्यात बुडवली की सिरिंजच्या तोंडावर आणि सेन्सरच्या टोकावर, दोन्हीकडे घट्ट बसते. पण अशा ३० सेंटिमीटर नळीत ३.८ मिली हवा मावते. नळी ५ सेंटिमीटरच ठेवा. उरलेली जागा मोजायला आकारमान उभ्या अक्षावर आणि १/दाब आडव्या अक्षावर मांडा. रेषा उभ्या अक्षाला शून्याच्या जितकी खाली छेदते, तेवढे मिली आत अडकलेत.

गळती तपासायला १० वरून ६ मिलीवर दाबून दट्ट्या धरून ठेवा. पहिले दहा सेकंद दाब जरा उतरतो; दाबल्याने तापलेली हवा निवते, ती गळती नव्हे. पुढच्या मिनिटात १ किलोपास्कलहून जास्त उतरला तर जोड सैल आहे. याच कारणाने प्रत्येक वाचनाआधी दहा सेकंद थांबायचं. ओलावा आणि फेस आत जाऊ द्यायचा नाही: सेन्सर पात्रापेक्षा वर धरा. एमपीएक्स तर कोरड्या हवेसाठीच बनलेला आहे, त्याला व्हिनेगरची वाफही नको.

मग कुठला?

फक्त उंची आणि हवामान शिकवायचं असेल तर खर्च करू नका, फोन पुरे. वर्षातून दोनदा बॉईल दाखवायचा आहे आणि सोल्डरिंग येणारं कुणी हाताशी आहे, तर एमपीएक्सवाला जोडा. मुलांना त्यातून विजेचाही धडा मिळतो. पण सहा-आठ गट एकाच तासात प्रयोग करणार असतील, तर तयारच घ्या, भले आठाऐवजी चार घ्यावे लागले तरी. पस्तीस मिनिटांच्या तासात ब्रेडबोर्डवरची सुटलेली तार शोधत बसायला कुणालाच वेळ नसतो.