ऑगस्टसच्या नावाने ओतीव नाणं विकलं जातंय, सावध राहा

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचा डिनारियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, म्हणून मला अठरा हजारांना एक ओतीव बनावट नाणं विकलं गेलं. विकणाऱ्याची थाप अभ्यासून मारलेली होती. "कोइमतूरच्या जुन्या घराण्याच्या संग्रहातलं आहे," म्हणाला. मिरीच्या व्यापारातून रोमन चांदी दक्षिणेत खरोखरच भरपूर आली आणि तिच्यात हा प्रकार नेहमी आढळतो: एका बाजूला लॉरेलची पानं माळलेला ऑगस्टस, दुसऱ्या बाजूला त्याने दत्तक घेतलेले नातू गायस आणि लूशियस. दोघांमध्ये ढाली-भाले, वर पूजेची पळी आणि पुरोहिताची वाकडी काठी. फार देखणं नाणं आहे हो!

भारतात सापडलेल्या अशा काही नाण्यांवर छिन्नीचा घाव असतो. माझ्या नाण्यावरही ऑगस्टसच्या गालावर तो होता, आणि अस्सलपणाची खूण म्हणून त्याने तोच दाखवला. भिंगाखाली बिंग फुटलं. खऱ्या घावात धातू फाटतो, कडा धारदार राहतात. इथे कडा गोलसर होत्या आणि घावाच्या तळाशी तेच बारीक खड्डे होते, जे गालभर पसरले होते. म्हणजे नाणं घावासकटच साच्यात ओतलेलं. कडेवर कानस फिरवल्याची रेघही होती. वजन भरलं 2.9 ग्रॅम, चांगल्या स्थितीतला ऑगस्टसचा डिनारियस साडेतीनच्या वर भरतो.

मग नाशिकच्या एका संग्राहकाने स्वतःच्या नाण्याचा फोटो पाठवला. तोच घाव, तीच झीज, तीच कापली गेलेली अक्षरं. रोमन नाणी चकतीवर हातोड्याने एकेक ठोकलेली असत. ठसा एकच असला तरी ठोका थोडा सरकतोच, आणि दोन हजार वर्षांची झीज दोन नाण्यांवर सारखी होत नाही. त्यामुळे फोटो आला की तसंच दुसरं नाणं कुठे विकायला आहे का, ते आधी शोधा.

विकणाऱ्याने पाठवलेला पुरातन वस्तू विक्रीचा परवाना दुसऱ्याच्याच नावाचा निघाला. पैसे परत मागताच नंबर ब्लॉक. मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, तुम्हीही नोंदवा.

सध्या तो नव्या नंबरवरून इ.स.पूर्व 42 चं, जुलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसचं नाणं दाखवतोय, दोन खंजीर आणि मध्ये टोपी असलेलं. सीझरच्या हत्येची ग्वाही देणारं हे नाणं अतिशय दुर्मीळ आहे. तो चाळीस हजार सांगतोय. एक रुपयाही पाठवू नका.