डंक आणि एगच्या तीन कथा, बरेच महिने सोबत ठेवल्यावर

अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स घेऊन आता बरेच महिने झाले, एकदा सलग वाचलं आणि मग मधनंमधनं कुठलंही पान उघडून वाचणं चालूच आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही जॉर्ज आर आर मार्टिनची गेम ऑफ थ्रोन्सवालीच दुनिया, पण मेन पुस्तकांच्या साधारण ९० वर्षं आधीची. डंक नावाचा भटका नाइट (चिलखती योद्धा) आणि त्याचा पोरगेला सेवक एग यांच्या तीन लांब कथा आहेत, द हेज नाइट (१९९८), द स्वॉर्न स्वॉर्ड (२००३) आणि द मिस्ट्री नाइट (२०१०). तिन्ही आधी वेगवेगळ्या संग्रहांत आल्या होत्या, २०१५ ला एकत्र पुस्तक निघालं.

अशा जोडकथांशी माझं एकूण जमत नाही. बहुतेक वेळा कुठल्यातरी साइड कॅरेक्टरचं बालपण नाहीतर मेन पुस्तकात दोन ओळींत उरकलेली लढाई, म्हणजे माहिती वाढते पण गोष्ट काही नसते. हे पुस्तक मात्र हाताशीच राहिलं, आणि त्याचं कारण मला तरी एकच दिसतं, इथं दुनिया खालून दाखवलीय. सिंहासन लांब कुठंतरी आहे आणि डंकला आज रात्री झोपायचं कुठं आणि घोड्याला खायला काय घालायचं हा प्रश्न आहे.

डंक म्हणजे राजधानीतल्या फ्ली बॉटम या गरीब वस्तीच्या गल्लीतला अनाथ पोरगा, जवळजवळ सात फूट उंच, स्वतःचं नक्की वय पण माहीत नाही. त्याचा मालक, म्हातारा सर आर्लन, सर्दीतापानं जातो आणि याच्याकडे उरतं काय तर एक तलवार, तीन घोडे आणि थोडे पैसे. अॅशफर्डच्या टूर्नामेंटला (घोड्यावरून भाल्यांनी झुंजायच्या) जायचं तर मापाचं चिलखत पाहिजे, त्यासाठी तो स्वीटफूट नावाची लाडकी घोडी विकतो. आणि नियम असा की हरलात तर घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचं, परत पाहिजे तर पैसे मोजून सोडवा. श्रीमंताच्या पोराला हा खेळ, पण डंक एकदा हरला की रस्त्यावर. मेन पुस्तकांत एवढ्या टूर्नामेंट झाल्या पण मला पोटात गोळा आला तो इथंच.

दुसरी कथा बऱ्याच जणांना स्लो वाटते, माझी सगळ्यात आवडती तीच. भयंकर दुष्काळ पडलाय, साथीत माणसं मेलीत, म्हातारा सर युस्टेस ऑसग्रे एका पडक्या बुरुजात जुन्या मोठेपणाच्या आठवणी काढत बसलाय आणि एक दिवस ओढा आटतो. का, तर वरच्या अंगाला लेडी रोहानच्या माणसांनी बांध घातलाय. वरच्यानं पाणी अडवलं की खाली काय होतं हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नकोच. पण मार्टिन तिथं थांबत नाही, हळूहळू कळतं की कागदावर हक्क कुणाचा आणि तो म्हाताऱ्याच्या हातातून का गेला, आणि सिंहासनासाठी झालेल्या ज्या ब्लॅकफायर बंडाबद्दल इतरत्र नुसतं वाचलेलं असतं ते इथं एका माणसाच्या मेलेल्या पोरांच्या रूपात समोर येतं. भांडण दोन जमीनदारांचं, आणि भाले हातात देऊन उभं केलं जातं ते गावातल्या शेतकऱ्यांना. डंक त्यांना कवायत शिकवतो तो भाग आधी हसवतो आणि मग वाईट वाटायला लागतं.

तिसरी ठीक. लग्न, टूर्नामेंट, बक्षीस म्हणून ड्रॅगनचं अंडं, त्यात कटकारस्थान. नावं फार आहेत, दुसरी डोक्यात ताजी नसेल तर कोण कुणाच्या बाजूचा यातच गोंधळ होतो. राजाचा प्रधान ब्लडरेव्हन आला की जाग येते एवढं खरं.

तुलनेसाठी मार्टिनच्याच द प्रिन्सेस अँड द क्वीन (२०१३) आणि द रोग प्रिन्स (२०१४) बघा, ज्यांचा मजकूर पुढे वाढवून फायर अँड ब्लडमध्ये गेला. तिथं एक मेस्टर, म्हणजे त्या दुनियेतला पंडित, इतिहास सांगतोय, राजे येतात, मरतात, ड्रॅगन जळतात. माहिती भरपूर, पण मी एकदा वाचून ठेवून दिल्या, परत उघडाव्याशा वाटल्या नाहीत.

आता थोडे स्पॉयलर, मेन पुस्तकं वाचली नसतील तर हा पॅरा सोडा. ओल्डटाउनच्या प्रवासात म्हातारा मेस्टर एमन भ्रमात एगला हाका मारतो, तो एग म्हणजे हाच, त्याचा धाकटा भाऊ, टक्कल केलेला आगाऊ पोरगा जो डंकच्या थोबाडीत मारायच्या धमक्यांना अजिबात घाबरत नाही. आणि ब्रिएन आपल्या ढालीवर झाड आणि तुटता तारा रंगवून घेते ना, ते पहिल्यांदा रंगवलेलं इथं पहिल्याच कथेत आहे. हे कळल्यावर मी फीस्ट फॉर क्रोज परत काढलं.

एडिशनबद्दल, गॅरी जियानीची १६० च्या वर चित्रं आहेत आणि ती कागदावरच बघा, माझ्याकडच्या छोट्या ई-रीडरवर नुसते काळपट ठिपके दिसतात. माझ्या पेपरबॅकची बाइंडिंग दुसऱ्या कथेपाशी सुटायला लागलीय, पण पुस्तक उलटं पालथं ठेवायची सवय असेल तर होणारच. इंग्रजी मेन पुस्तकांपेक्षा सोपं, सगळं एकट्या डंकच्या नजरेतनं असल्यामुळे दर चॅप्टरला माणूस बदलत नाही, म्हणून जाड पुस्तकांना बिचकणाऱ्यांनी इथनंच सुरुवात केली तरी चालेल.

एचबीओच्या सीरिजचा पहिला सीझन पहिल्या कथेवर आहे, तेव्हा निदान ती कथा आधी वाचून घ्या, दोन संध्याकाळीत होते. चौथी कथा विंटरफेलला घडणार असं मार्टिननं कधीचं सांगून ठेवलंय, पण विंड्स ऑफ विंटरची, म्हणजे मेन मालिकेच्या रखडलेल्या पुढच्या पुस्तकाची, वाट बघणाऱ्यांना त्याच्या सांगण्याचा हिशोब माहीत आहेच.