ताळगावचे संकुल की मळ्यातील जुनी इमारत

पणजी परिसरात सदनिका घेऊ पाहणाऱ्यांपुढे आज साधारण दोन पर्याय असतात : ताळगाव, दोनापावला किंवा पर्वरीच्या बाजूचे आठ-दहा मजली नवे संकुल, नाहीतर पणजी शहरातच मळा नावाची वस्ती, सांतिनेज किंवा १८ जून रस्त्याच्या आसपासची, तळमजल्यावर दुकाने असलेली तीन-चार मजली जुनी इमारत. मी ताळगावच्या एका संकुलात सातव्या मजल्यावर अकरा महिन्यांच्या करारावर राहिलो आणि नंतर मळ्यात दुसऱ्या मजल्यावर घर घेतले. त्यामुळे माझे मत तटस्थ आहे असे मी म्हणणार नाही.

घराच्या आतला विचार केला तर संकुल उजवे ठरते, हे आधीच मान्य करायला हवे. लिफ्ट आहे, गाडीला हक्काची जागा आहे, ऐन पावसात वीज गेली तरी जनरेटरवर पंखा चालू राहतो, आणि आमच्या मळ्यातल्या भिंतींना जुलैत जी ओल धरते ती तिथे कधी दिसली नाही. ज्यांच्या घरी गुडघेदुखीने बेजार झालेली वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी बहुधा इथेच निर्णय घ्यावा.

माझा निर्णय मात्र एका कुलपाने केला. संकुलाच्या मागच्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीला लागूनच, एक किराणा दुकान होते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्या दारातले नारळ दिसत. भिंतीत एक छोटे लोखंडी फाटकही होते, पण सुरक्षेच्या कारणास्तव सोसायटीने त्याला कुलूप घातले होते आणि ते गंजून कोयंड्याशी एकजीव झाले होते. त्यामुळे चाळीस पावलांवरच्या दुकानातून कोथिंबीर आणायची तर लिफ्टने खाली उतरायचे, गाड्यांच्या रांगांमधून मुख्य फाटक गाठायचे आणि पदपथ नसलेल्या रस्त्यावरून भिंतीला पूर्ण वळसा घालायचा. जायला दहा मिनिटे, यायला दहा. पहिले पंधरा दिवस मी चालत गेलो, पुढे स्कूटर काढू लागलो, आणि स्कूटर काढलीच आहे तर थेट पणजी बाजारातच जाऊ लागलो. बहुतेक शेजारीही तसेच करत. इतकी कुटुंबे शेजारी राहायला आली तरी चालत येणारे गिऱ्हाईक वाढले नाही, असे तो दुकानदार सांगे. संध्याकाळी सातनंतर त्या भिंतीलगत सुरक्षारक्षक आणि घरकामाच्या बायका यांच्याखेरीज क्वचितच कोणी दिसे.

दोष उंचीचा नाही, असे मला वाटते. व्हँकुव्हरमध्ये याहून कितीतरी उंच मनोरे आहेत, पण त्यांतील अनेकांच्या पायथ्याशी दुकाने किंवा थेट रस्त्यावर दार उघडणारी घरे मुद्दाम ठेवलेली आहेत. आपल्याकडे तळमजला स्टिल्ट पार्किंगला जातो. जमिनीखाली खोदकाम करणे महाग, त्यात आपल्या सखल भागात पाणी लवकर लागते, त्यामुळे गाड्या खांबांमध्ये येतात आणि रस्त्याकडे तोंड करून माणसांऐवजी बंपर उभे राहतात. पाचव्या मजल्याच्या वर गेले की रस्त्याशी नाते तुटते, असे डॅनिश वास्तुविशारद यान गेल सांगत आले आहेत. सातव्या मजल्यावर मला त्याचा अनुभव आला : पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंगा ऐकू येई, पण उतरून फाटकापर्यंत पोहोचेस्तोवर त्याची सायकल पुढे गेलेली असे. त्याला आत सोडत नसत. शिवाय बरीच घरे बाहेरगावच्या मालकांची असल्याने वर्षातला बराच काळ बंदच असतात, त्यांचा उजेडही रस्त्याला मिळत नाही.

मळ्यात आमचा जिना थेट रस्त्यावर संपतो. सकाळी भोंगा वाजला की माझी पत्नी दोरीला बांधलेली कापडी पिशवी गॅलरीतून खाली सोडते, पोदेर तिच्यातले पैसे घेतो, चार उंडे (गोल पाव) घालतो आणि दोरीला एक हिसका देतो. जिन्याशेजारचा शिंपी दुपारी आमचे कुरियर घेऊन ठेवतो. गेल्या पावसाळ्यात मी तापाने दोन दिवस खाली उतरलो नाही, तेव्हा चौकशी करायला सर्वांत आधी तोच वर आला. गैरसोयीही आहेत : स्कूटर लावायला रोज फिरावे लागते, आणि मारुतीच्या जत्रेच्या दिवसांत दारासमोर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरली की रात्री उशिरापर्यंत झोप लागत नाही. मला त्या परवडतात, सर्वांनाच परवडतील असे नाही.

तरीही संकुलाकडेच कल असेल, तर बयाणा देण्यापूर्वी एका संध्याकाळी आठच्या सुमारास तिथे जावे आणि गाडी लांब ठेवून कुंपणाच्या भोवती एक फेरी पायी मारावी. मागे फाटक असेल तर ते ढकलून पाहावे. त्याला कुलूप असेल, तर किल्ली कोणाकडे असते आणि ती रहिवाशांना मिळते का, हे तिथल्या रखवालदारालाच विचारावे. विक्री कार्यालयात मला हे कोणी सांगितले नव्हते.