बेटं फिरण्यासाठी ताकामात्सुला मुक्काम: आठ महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑफिसच्या कामासाठी ताकामात्सुला आले आणि जून २०२५ च्या शेवटी परतले. मधल्या आठ महिन्यांतले बहुतेक शनिवार-रविवार मी बेटांवर काढले. परत आल्यापासून जपानला निघालेले ओळखीचे लोक एकच विचारतात: नाओशिमा हे कलासंग्रहालयांचं बेट बघायचंय, तर समोरच्या किनाऱ्यावरच्या ओकायामा शहरात राहू, थेट बेटावर राहू, की ताकामात्सुला? प्रत्येकाला फोनवर तुटक सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. माझं उत्तर ताकामात्सु. त्याला काही अटी आहेत आणि थोड्या तक्रारीही आहेत, त्या पुढे येतीलच.

ताकामात्सु हे शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांताचं मुख्य शहर. हा जपानमधला सगळ्यात लहान प्रांत. ओकायामाहून 'मरीन लायनर' गाडी १९८८ साली झालेल्या सेतो महापुलावरून समुद्र ओलांडते आणि तासाभरात इथे पोचवते. स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत धक्का. वाटेत जुन्या किल्ल्याचा खंदक लागतो. त्यात समुद्राचं खारं पाणी खेळतं आणि समुद्रातलेच मासे फिरताना दिसतात. खंदकाच्या काठालाच खेटून कोतोदेन या स्थानिक रेल्वेचं छोटं स्टेशन आहे. रेल्वे, विमानतळाची बस आणि बोटी सगळं दहा मिनिटांच्या चालीत. बेटं फिरायची तर ही एवढी एक गोष्ट बाकी सगळ्यावर मात करते.

मी मूळची गुहागरची. धोपावे-दाभोळ फेरीच्या वेळा सांभाळत मोठी झाले. त्यामुळे इथल्या धक्क्यावर पहिल्याच आठवड्यात मन रमलं. सकाळच्या बोटीत शाळेची मुलं, किराणामालाचे ट्रक, शहरातल्या दवाखान्यात तपासणीला आलेले म्हातारे, आणि कोपऱ्यात कॅमेरा घेतलेले आम्ही प्रवासी. बेटांवरच्या लोकांसाठी ताकामात्सु म्हणजे बाजाराचा गाव. तुम्ही तिथे राहिलात की बेटांकडे त्यांच्याच वाटेने जाता.

आता बोटींबद्दल, कारण सगळा खेळ तिथे आहे. नाओशिमाच्या मियानोउरा बंदराला जाणारी मोठी, गाड्या नेणारी फेरी पन्नास मिनिटं घेते आणि भाडं मी होते तेव्हा ५२० येन होतं. जलद बोट तेच अंतर अर्ध्या तासात कापते, पण भाडं दुपटीहून जास्त. सुरुवातीला मी वेळ वाचवायला जलद बोट घ्यायची. जानेवारीपासून सोडून दिली. मोठ्या फेरीच्या वरच्या उघड्या डेकवर उभं राहिलं की एकामागून एक बेटं सरकत जातात, समुद्र इतका शांत की चहाचा कागदी कप कठड्यावर ठेवावा. शिवाय वारा सुटला किंवा एप्रिल-मेमध्ये सकाळचं धुकं दाटलं, की आधी छोट्या बोटी रद्द होतात. मोठी फेरी बहुतेक वेळा निघते. हे धुकं गमतीवारी नेण्यासारखं नाही. ११ मे १९५५ रोजी याच समुद्रात धुक्यात 'शिउन मारू' ही रेल्वेची फेरीबोट दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली, १६८ माणसं गेली, त्यात सहलीला निघालेली शाळकरी मुलं कितीतरी होती. महापुलाच्या मागणीला खरा जोर त्या दिवसानंतर आला. म्हणून धक्क्यावर 'आज बोट नाही' अशी पाटी दिसली तर कुरकुर करू नका.

परतीची शेवटची बोट मात्र डोक्यात पक्की ठेवा. नाओशिमाहून ताकामात्सुची शेवटची मोठी फेरी संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुटते, आणि वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं. डिसेंबरात होनमुरा गावातल्या जुन्या घरांमध्ये मांडलेल्या कलाकृती बघत रमले आणि माझी ती फेरी चुकली. तेव्हा कळलेला उपाय सांगते: मियानोउराहून समोरच्या उनो बंदराला उशिरापर्यंत बोटी असतात. वीस मिनिटांत उनो, तिथून लोकल गाडीने चायामाची स्टेशन, आणि तिथे मरीन लायनर पकडून पुलावरून ताकामात्सु. मला अडीच तास लागले, पण रात्री माझ्या खोलीत होते. ही वाट एकदा कागदावर लिहून पाकिटात ठेवलीत की दिवसभर घड्याळाची धास्ती राहत नाही.

नाओशिमाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. वास्तुकार तादाओ आंदो यांनी जमिनीखाली बांधलेलं चिचू संग्रहालय (२००४) बघाच, तिकीट वेळेसकट आधी ऑनलाइन काढा. कलाकार यायोई कुसामांचं पिवळ्या भोपळ्याचं शिल्प ऑगस्ट २०२१ च्या वादळात समुद्रात वाहून गेलं होतं, ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा त्याच जागी बसवलं. मी असतानाच, ३१ मे २०२५ ला, तिथे आणखी एक नवं संग्रहालय उघडलं. पण सोमवारी बरंच काही बंद असतं, तेव्हा वार बघून जा.

मला मनापासून लिहायचंय ते तेशिमा या शेजारच्या बेटाबद्दल.

तिथे पहिल्यांदा गेले ती सगळ्यांसारखी तेशिमा कला संग्रहालयासाठी. २०१० साली उघडलेली ही वास्तू वास्तुकार र्युए निशिझावा आणि कलाकार रेइ नाइतो यांची. साठ मीटर लांब, चाळीस मीटर रुंद काँक्रीटचं कवच, आत एकही खांब नाही. छताला दोन मोठी अंडाकृती भोकं, त्यांना काच नाही. आत चित्र नाही, मूर्ती नाही. जमिनीतल्या बारीक छिद्रांतून पाण्याचे थेंब उमलतात, घरंगळतात, एकमेकांना भेटून मोठे होतात. अळवाच्या पानावर पाणी कसं पळतं, तसंच. फोटो काढता येत नाहीत, बोलायचं नाही. त्या दिवशी ऊन होतं, मी वीस मिनिटं बसले, सुंदर वाटलं आणि परतीच्या बोटीसाठी निघाले.

दुसऱ्यांदा गेले मार्चमध्ये, पाऊस होता म्हणून मुद्दाम. छतातून पाऊस सरळ आत पडत होता आणि जमिनीतून येणाऱ्या थेंबांत मिसळत होता. कुठला थेंब वरचा, कुठला खालचा, कळेना. दीड तास बसले होते. पाहुणे मोजून चार-पाच. ताकामात्सुला मुक्काम असण्याचा खरा अर्थ मला त्या दिवशी समजला. टोकियोहून दोन दिवसांसाठी आलेला माणूस पावसाला शिव्या घालतो. मी खिडकीतून पाऊस बघितला, छत्री उचलली आणि धक्क्याकडे निघाले.

आणि तिसऱ्या खेपेला तेशिमाची दुसरी बाजू बघितली. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून १९९० पर्यंत या बेटाच्या पश्चिम टोकाला एका व्यावसायिकाने गाड्यांचा भुगा, तेल, रासायनिक गाळ असा औद्योगिक कचरा बेकायदा टाकला आणि जाळला. गावकरी तक्रारी करत राहिले, प्रांताच्या अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केलं. १९९० मध्ये समुद्रापलीकडच्या ह्योगो प्रांताच्या पोलिसांनी छापा घातला तेव्हा ते थांबलं. कोहेइ नाकाबो या वकिलांच्या मदतीने गावकरी लढले, आणि जून २००० मध्ये तडजोड झाली. कागावाच्या राज्यपालांनी बेटावर येऊन माफी मागितली. नऊ लाख टनांच्या आसपास कचरा आणि दूषित माती बोटींनी नाओशिमाला नेऊन, तिथल्या तांब्याच्या कारखान्याच्या आवारात उभारलेल्या भट्टीत वितळवली. ते काम २०१७ पर्यंत चाललं. ज्या नाओशिमाचे भोपळ्याचे फोटो आपण बघतो, त्याच बेटाने शेजाऱ्याची घाण पत्करली. गावकऱ्यांनी त्या कचऱ्याचा एक उभा थर छोट्या इमारतीत जपून ठेवलाय. आधी कळवून गेलात तर बघायला मिळतो. संग्रहालयाभोवतीची भातखाचरं पडीक झाली होती, तीही गावाने पुन्हा लावली. हे कळल्यावर ते पाण्याचे थेंब मला वेगळेच दिसायला लागले. तेशिमाला जाल तर दोन दिवस द्या, सलग नको, मध्ये एखादा दिवस जाऊ द्या.

तेशिमाबद्दलची तक्रारही इथेच नोंदवते. थेट बोट छोटी, दिवसातून मोजक्या फेऱ्या, आणि जागा आधी राखता येत नाही. दर तीन वर्षांनी भरणाऱ्या सेतोउची कलामहोत्सवाचं वसंत सत्र १८ एप्रिल ते २५ मे २०२५ होतं. त्या काळात एका रविवारी मी चाळीस मिनिटं आधी रांगेत उभी राहिले तरी बोट भरली आणि आम्ही वीसेक जण धक्क्यावर राहिलो. तिकीट खिडकीवर पुढच्या बोटीबद्दल नीट सांगणारं कुणी नव्हतं. महोत्सवाच्या वर्षी येणार असाल तर तासभर आधी पोचा, आणि जमलं तर आठवड्याच्या मधल्या वारी जा. नोव्हेंबर ते मार्चचे माझे फेरे कितीतरी निवांत होते. हिवाळ्यात संग्रहालयाच्या सुट्ट्या वाढतात, ते मात्र तपासून घ्या.

दुसरी तक्रार अशी की बोटी चाकाच्या आऱ्यांसारख्या आहेत: प्रत्येक बेट ताकामात्सुला जोडलेलं, एकमेकांना फारच कमी. एका दिवसात दोन मोठी बेटं करायचा हट्ट धरलात तर सगळा दिवस धक्क्यांवर जाईल. अपवाद मेगिजिमा आणि ओगिजिमा. लाल-पांढरी 'मेओन' नावाची बोट दर दोनेक तासांनी आधी मेगिजिमाला वीस मिनिटांत आणि पुढे ओगिजिमाला आणखी वीस मिनिटांत नेते.

ओगिजिमाला मी सहा वेळा गेले. बंदरापासून घरं डोंगरावर एकावर एक चढत गेलेली, मधल्या वाटा इतक्या अरुंद की गाडी जाणं अशक्य. म्हाताऱ्या बायका सामान नेण्यासाठी चाकांची हातगाडी ढकलतात, तिला 'ओन्बा' म्हणतात. पटसंख्या संपल्याने २०११ मध्ये बंद पडलेली इथली शाळा, काही कुटुंबं परत राहायला आल्यावर २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाली. कोकणात बंद पडलेल्या वाडीवरच्या शाळा बघितलेल्या माझ्यासारखीला ही बातमी केवढी मोठी वाटली, ते सांगता येणार नाही. चौथ्या खेपेला एका आजींनी मला ओळखलं, ओन्ब्यातून संत्री काढून हातात ठेवली आणि विचारलं, "आज आईला नाही आणलंस?"

आई एप्रिलमध्ये तीन आठवडे आली होती. ती शुद्ध शाकाहारी, मी मासे खाणारी. म्हणून जेवणाबद्दल दोन्ही बाजूंनी सांगू शकते. ताकामात्सु म्हणजे सानुकी उदोन, गव्हाच्या जाड शेवया. दुकानं सकाळी उघडतात, दुपारी दोन-तीनला पीठ संपलं की बंद. ताट उचला, उदोन सांगा, वाटेत तळलेले पदार्थ घ्या, शेवटी पैसे द्या. तीन-चारशे येनमध्ये पोट भरतं. मात्र उदोनचं पाणी 'इरिको' या सुक्या छोट्या माशांवर उकळलेलं असतं, वास आपल्या सुकटीचाच. आईला आम्ही नुसता गरम उदोन, वरून साधा सोया सॉस, आलं आणि कांद्याची पात असं द्यायला सांगायचो. तयार सॉसमध्येही बऱ्याचदा मासा असतो, तेव्हा दरवेळी विचारावं लागायचं. बेटांवर तर शाकाहारी माणसाने डबा घेऊनच जावं. स्टेशनजवळ खोली घेताना छोटं स्वयंपाकघर असलेली घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी. आईने तिथे पोळ्या केल्या आणि शोदोशिमाला डब्यात बटाट्याची भाजी नेली.

शोदोशिमा मोठं आहे, साधारण तासाची फेरी. तिथे बस कमी, एक दिवस पुरत नाही. १९०८ मध्ये जपान सरकारने तीन प्रांतांत ऑलिव्हची लागवड करून बघितली, ती नीट जगली इथेच. पण आईला आवडला तो सोया सॉसचा कारखाना: माणसाहून उंच लाकडी पिंपं, त्यांवर चढलेली बुरशी, आणि लोणच्याच्या बरणीतून येतो तसा आंबूस, खोल वास.

ओशिमाबद्दल प्रवासी सहसा बोलत नाहीत. १९०९ पासून हे कुष्ठरुग्णांना सक्तीने ठेवण्याचं बेट होतं. बरे झाल्यावरही त्यांना बाहेर जाऊ न देणारा कायदा थेट १९९६ मध्ये रद्द झाला. सरकारी बोट तिथे विनामूल्य नेते. दृष्टी गेलेल्यांना वाट कळावी म्हणून रस्त्यावर पांढऱ्या रेघा आहेत आणि चौकांत सतत हळू संगीत वाजत असतं. राहणारे आता थोडेच उरलेत, सगळे वृद्ध. अनेकांच्या अस्थीही घरच्यांनी नेल्या नाहीत, त्या बेटावरच ठेवल्यात. शाळेच्या सहलीत आनंदवन बघितलं होतं, त्याची आठवण दिवसभर सोबत होती. आई त्या संगीताखाली बराच वेळ उभी राहिली. परतताना बोटीत आम्ही बोललो नाही.

बोटी बंद असलेल्या दिवसासाठी कोतोदेनने तासाभरावर कोतोहिरा आहे. खलाशांचा रक्षक कोंपिरा याचं देऊळ, मुख्य देवळापर्यंत ७८५ पायऱ्या. कोंपिरा हे नाव संस्कृत 'कुंभीर', म्हणजे मगर, यावरून आलंय. आईने गुडघे सांभाळत सगळ्या पायऱ्या चढल्या आणि वर जाऊन म्हणाली, "आपल्या गंगेची मगर इथवर पोहत आली म्हणायची!"

शहर संध्याकाळी लवकर निजतं, रात्रीची मौज हवी असेल त्यांनी ओसाका गाठावं. फक्त चिचू संग्रहालय बघायचं असेल तर ओकायामाहून उनोमार्गे एका दिवसात होतं, ताकामात्सुपर्यंत येऊ नका. बाकीच्यांनी किमान पाच रात्री काढा. पहिल्या दिवशी मेओनने ओगिजिमा, मग तेशिमा, मग नाओशिमा. चौथ्या दिवसाचं काहीही ठरवू नका. सकाळी खिडकीतून आभाळ बघा, आणि पाऊस असेल तर पुन्हा तेशिमाच्या रांगेत उभे राहा.